मुका झालेला पूल

पुलावर नव्या सागवानी फळ्या बसल्या आणि जानराव वनरक्षकाची दुपारची झोप उडाली.

या दोन गोष्टींचा काय संबंध, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण चिखलदऱ्याच्या पायथ्याशी जंगलात शिरणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर आधी पूल लागतो, मग वळण आणि मग जानरावचा नाका. जुन्या फळ्यांवर गाडी चढली की असा खडखडाट होई, की झाडावरची वानरं सरकून बसत. तेवढ्यात जानराव बाजेवरून उठे, शर्टाच्या गुंड्या लावी, टोपी घाली आणि जीप वळणावरून येईपर्यंत फाटकाशी सलाम ठोकून उभा असे. रेंजर तायडे मॅडमच्या लेखी त्याच्याइतका दक्ष माणूस साऱ्या रेंजमध्ये नव्हता.

परतवाड्याच्या चंद्रभान मिस्त्रीनं हे सगळं बिघडवलं. त्यानं फळ्या एकमेकींना भिडवल्या, खाली रबराच्या पट्ट्या घातल्या आणि नट असे आवळले, की पूल मुका झाला. मागच्या शुक्रवारी जानरावला जाग आली तेव्हा मॅडम बाजेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"जानराव, पुढच्या वेळी असे दिसलात तर वरच्या कॅम्पवर पाठवावं लागेल."

वरच्या कॅम्पवर वीज नाही, शेजार नाही आणि पंचफुलाही नाही. पंचफुला जानरावची बायको; ती गावातल्या अंगणवाडीत कामाला होती, गाव सोडणार नव्हती.

"तिथी सयपाक कोन करन वो?" रात्री घरी जानरावनं तिला विचारलं.

"ज्याले भूक लागन थो," पंचफुला म्हणाली. "जागे राहा ना. सरकार पगार कायचा देते?"

"जेवल्यावर डोये आपोआप मिटतेत, त्याले मी काय करू?"

आज मॅडम पुलाचं काम पाहायला येणार होत्या. जानराव सकाळीच पुलावर पोचला. चंद्रभान कठड्याला रंग देत होता.

"मिस्त्री, एक फळी ढिली कर ना."

"काहून?"

"वाजली पायजे."

चंद्रभाननं ब्रश डब्यात ठेवला. "माह्या हातची फळी वाजते, असं परतवाड्यात समजलं तर मले कोनी पाटबी बनवू देनार नाई, जानरावभौ."

दुपारी चंद्रभान भाकर खायला नाल्यात उतरला, तसा जानरावनं त्याचा पाना उचलला. एक नट सैल केला आणि फळीवर उडी मारली. आवाज नाही. दुसरा सैल केला. पुन्हा उडी. नाही. मिस्त्रीनं काम चांगलं केलं होतं, वाईट वाटावं इतकं चांगलं. तिसऱ्या नटावर जानरावनं सारं वजन टाकलं. तो निघूनच आला, घरंगळला आणि नाल्यात पडला. त्याच्यामागे बाकीचेही गेले. फळी पार सुटी झाली. आता ती नक्की वाजली असती, पण गाडीचं चाक घेऊनच.

आणि पलीकडच्या उतारावर मॅडमची जीप दिसली.

पळावं तर जीप खाली जाणार, थांबावं तर आपण वर, कॅम्पवर. जानराव थांबला. पुलाच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिला. ड्रायव्हर काही गाडी हळू करीना. त्याला जानराव कायम सलामातच दिसत आला होता; आज दोन हातांचा सलाम, एवढंच. चाकं पुलावर चढली. आवाज नाही. जीप जवळ आली. शेवटी जानराव त्या सुट्या फळीवर आडवा झाला.

ब्रेक लागले. बंपर त्याच्या टोपीपासून हातभर लांब थांबला. मॅडम उतरल्या.

"पुन्हा झोपलात, जानराव? आता पुलावर?"

"फळी सुटली हाय, मॅडम."

"कोणी सोडली?"

तेवढ्यात चंद्रभान हातात अर्धी भाकर घेऊन वर आला. त्यानं फळी पाहिली, मग जानरावच्या हातातला आपला पाना पाहिला. घास तोंडातच राहिला.

"मी सोडली," जानराव उठत म्हणाला. "वाजत नवती."

मॅडमनी ड्रायव्हरला जीप मागं घ्यायला सांगितली. ती लांब गेल्यावर त्या चंद्रभानकडं वळल्या.

"किती ढिली केली म्हणजे वाजेल, मिस्त्री?"

"ढिली?" चंद्रभाननं विचारलं.

"अहो, झोपलेला दिसला की लिहावं लागतं. लिहिलं की पाठवावं लागतं. याला पाठवला तर फाटक कोण उघडेल?" बोलता बोलता मॅडमची अकोल्याची भाषा बाहेर आली. "पयले मी वयनावर येईस्तोवर सगये जागे राहत. मले कधी काई दिसलंच नाई."

चंद्रभाननं पिशवीतून नवे नट काढून बसवले आणि सुतकी चेहऱ्यानं एकेक आटा सोडत गेला. जीप पुलावरून मागंपुढं होत राहिली. "अजून जरा," मॅडम प्रत्येक वेळी म्हणत. अखेर फळीनं खडाडकन आवाज दिला, आणि जानरावचा हात आपोआप टोपीशी गेला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी चंद्रभानला कचेरीत बोलावलं. मॅडमची खोली माडीवर होती आणि कचेरीचा जुना लाकडी जिना बदलायचा होता.

"रबर लावू ना?" चंद्रभाननं आशेनं विचारलं.

"लावा. फक्त खालून तिसरी पायरी सोडा."

"काहून, मॅडम?"

मॅडमनी दार लोटून घेतलं.

"अमरावतीचे साहेब न सांगता येतात," त्या म्हणाल्या. "आणि नेमके जेवणानंतर."