साळूची शंका

एका जंगलात एक शाळा होती बरं का, बाळांनो. ऐनाच्या झाडाखाली भरायची. छप्पर नव्हतं, पण गुरुजी होते. घोरपडे गुरुजी.

घोरपड एकदा कड्याला चिकटली की सुटता सुटत नाही. गुरुजी तसे मतांना चिकटायचे. त्यांचं पहिलं मत असं, की मूल शंका विचारतं तेव्हाच शिकतं. म्हणून धडा संपला की ते मान लांब करून म्हणायचे, "काही शंका?"

वर्ग गप्प.

गुरुजींचं दुसरं मत भाषेबद्दल होतं. शाळेत शुद्धच बोलायचं. एकदा साळिंदराची धाकटी, साळू, करंगळी वर करून म्हणाली, "गुरुजी, शूला जाऊ?"

"शी! लघुशंका म्हणावं, बाळ."

आता घाईच्या वेळी एवढा लांब शब्द कुणाला जमतोय? मुलं आपसात नुसतं 'शंका' म्हणायला लागली. "ए, तुला शंका आली का? चल की!" आणि धूम करवंदीच्या जाळीमागं.

त्यामुळं गुरुजींनी "काही शंका?" विचारलं की मुलांना वाटायचं, किती काळजी घेतात बिचारे! पण मुलं आधीच जाऊन आलेली असायची.

गुरुजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मनात झुरायचे.

मग एक दिवस निरोप आला, उद्या तपासणीला गवेसाहेब येणार. साहेबांनाही शंकांचं फार वेड. ज्या वर्गात शंका नाही, तिथल्या गुरुजींची बदली थेट मगरींच्या डोहावर. तिथली मुलं गुरुजींकडं फार टक लावून बघतात म्हणे. आधीचे गुरुजी काही परत आले नव्हते.

गुरुजींचं शेपूट गार पडलं.

"मुलांनो, उद्या साहेबांसमोर प्रत्येकाला शंका आलीच पाहिजे."

"आणि नाहीच आली तर?" साळूनं विचारलं.

"घरून तयारी करून या!"

गुरुजींनी चक्क हात जोडले. मुलांना त्यांची दया आली. सकाळी सगळा वर्ग ओढ्यावर गेला, आणि पोटाला तडस लागेपर्यंत पाणी प्यायला.

साहेब आले. झाडाला टेकून बसले. झाड जरा कलंडलं. गुरुजींनी नेमका धडा घेतला ओढ्याचा.

"ओढा कसा वाहतो, मुलांनो? झुळुझुळु..."

मुलं चुळबुळायला लागली.

"आणि पुढं धबधबा..."

साळूनं पाय आवळले. तिचे सगळे काटे उभे राहिले.

"काही शंका?"

झाडून सगळ्या करंगळ्या वर!

"वा, गुरुजी!" साहेब शिंगं हलवत म्हणाले. "अहो, मुलं नुसती तळमळतायत!"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या जन्मात असा वर्ग त्यांनी पाहिला नव्हता.

साहेब साळूजवळ वाकले. "तुझी शंका मोठी आहे का गं?"

"नाही साहेब, लहानच आहे. पण फार घाईची आहे."

"मग लाजतेस काय? कर मोकळी."

"इथंच?"

"इथंच! सगळ्यांसमोर! शंका कधी दाबून ठेवू नये."

साळूनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी गहिवरून म्हणाले, "साहेबांचं ऐकावं, बाळ."

बाळांनो, मुलं फार आज्ञाधारक होती. सगळीच.

थोड्या वेळानं एक ओहोळ साहेबांच्या खुरांपर्यंत पोचला. गुरुजींनी डोळे मिटले. त्यांना मगरी दिसायला लागल्या.

साहेबांनी खाली बघितलं, रागवायला तोंड उघडलं. पण हुकूम त्यांचाच होता, आणि तोही खणखणीत आवाजात दिलेला.

"इतक्या ओसंडून वाहणाऱ्या शंका," ते म्हणाले, "मी कुठल्याच शाळेत बघितल्या नाहीत." आणि खूर उचलून उचलून टाकत निघून गेले.

बदली टळली. उलट, मुलांच्या शंका बाहेर कशा काढाव्यात, हे आता घोरपडे गुरुजींनी साऱ्या जंगलाला शिकवावं असं ठरलं.

गुरुजी आनंदात फळा पुसत होते. साळू एकटीच ओहोळापाशी उकिडवी बसली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे सगळं साहेबांकडंच का गेलं? पाणी उताराकडंच का जातं? वर का नाही चढत?"

गुरुजींनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"साळू, तपासणी झाली ना आता? आगाऊपणा पुरे. घरी जा."

तात्पर्य: साहेब समोर असले तर ती शंका, साहेब गेले की तो आगाऊपणा. तेव्हा बाळांनो, शाळेत जाताना पाणी भरपूर प्यावं, आणि खरोखरच काही विचारायचं असेल तर करवंदीच्या जाळीला विचारावं. ती निदान ऐकून तरी घेते.