पिंपात कोण आहे?

"वहिनी, पिंपाला रोज थोडं खायला घाल, हलक्या हातानं हलव, आणि काहीही झालं तरी दादाला फिनेल घेऊन त्याच्याजवळ फिरकू देऊ नकोस!"

माझ्या नणंदेचे हे शब्द अजून कानात आहेत. ती कामासाठी परगावी गेली आणि जाताना आपलं झाकणाचं पिंप आमच्या गॅलरीत ठेवून गेली. आत भाजीची देठं, फळांची सालं, वाळका पाला आणि त्या सगळ्याची माती करणारे कोट्यवधी जिवाणू! इमारतीमागच्या जागेत राडारोडा पडून पडून गवतसुद्धा उगवेना. ह्या मातीनं तिथे बाग फुलवायची, असं तिनं मनावर घेतलं होतं. पोटच्या पोरासारखं जपलेलं पिंप ते!

"एकही जीव जाऊ देणार नाही, वन्सं!" मी शब्द दिला.

शब्द पाळण्यात माझा हात कोण धरणार? रोज उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत माझं मौन असतं. लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. दूध उतू गेलं, एकदा पायावर इस्त्री पडली, तरी तोंडातून हूं नाही!

अडचण एवढीच, की आमच्या ह्यांना सगळी इमारत निर्जंतुकराव म्हणते. हे एका साबणानं दुसरा साबण धुतात!

त्या दिवशी सकाळी मी प्रार्थना आटोपून गॅलरीत आले, तर पिंपाचं झाकण उघडं आणि ह्यांच्या हातात फिनेलची बाटली! मी घाईघाईनं हात जोडले.

"अगं, आभार कसले मानतेस? घरचंच काम!" म्हणत ह्यांनी धार सोडली.

मी पिंपाकडे बोट दाखवलं आणि गळ्यावरून बोट फिरवलं.

"घसा दुखतोय?"

मी दोन्ही हात पसरून 'खूप, खूप' असं दाखवलं आणि जीभ बाहेर काढून मान टाकली.

"कुणीतरी जाडजूड मेलं?"

त्यातलं 'मेलं' तेवढं पकडून मी जोरात मान डोलावली आणि ह्यांच्याकडेच बोट रोखलं. म्हणजे, तुम्हीच मारताय!

शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या मावशींच्या हातून चादर निसटली. "अगं बाई! तुझी नणंद बऱ्याच दिवसांत दिसली नाही. आहे कुठे ती?"

हे पिंप तिचंच, असं सांगावं म्हणून मी पिंपाकडे बोट केलं.

मावशींनी अशी किंकाळी फोडली, की तळमजल्यावरच्या केशकर्तनालयातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी धावत वर आलं. आणि नेमका तो हवालदार निघाला!

"पिंपात कोण आहे?"

"कचरा," हे म्हणाले.

"सख्ख्या बहिणीला कचरा म्हणतो मेला!" मावशी कडाडल्या.

"अहो, ती बहीण नाही! म्हणजे बहीण आहे, पण पिंपात नाही!"

"मग फिनेल कशाला?"

"वास येत होता म्हणून!"

झालं! हवालदारानं ह्यांचं मनगट धरलं. "ताई, तुम्ही सांगा. ह्यांनी जीव घेतलाय?"

काय करू? खोटं सांगायचं नाही, हाही माझा नेम! मी होकार दिला.

"किती?"

मी हात पसरले.

हे चुन्यासारखे पांढरे पडले. एकीकडे मौन, एकीकडे नवरा! देवा, माफ कर, असं मनात म्हटलं आणि तोंड उघडलं, "जिवाणू!"

"नणू!" मावशींनी हंबरडा फोडला. "लाडानं नणू म्हणायची हो नणंदेला!"

हवालदारानं कपड्यांच्या काठीनं पिंप ढवळलं. वर साल आलं, देठ आलं, माती आली. त्यानं वाकून हुंगलं. "फिनेलखाली रानाचा वास येतोय," म्हणाला आणि उरलेली दाढी करायला निमूट खाली गेला.

मी नणंदेला फोन लावला. "वन्सं, मेले का हो सगळे?"

"रडू नकोस, वहिनी. वरचं भिजलेलं बाजूला काढ आणि तळाशी हात घाल. ऊब लागते का? ऊब असली, की समज ते जिवंत आहेत."

मी कोपरापर्यंत हात घातला. लागली! जत्थेच्या जत्थे जिवंत होते खाली! माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"आता दादाला दे फोन. दादा, असेच चांगले जिवाणू तुझ्या पोटातही आहेत. ते आहेत म्हणून अन्न पचतं तुला. तिथेही फिनेल ओतणार आहेस?"

ह्यांचा हात आपोआप पोटावर गेला. "पुन्हा नाही ओतणार."

"तेवढ्यानं भागायचं नाही. मी येईपर्यंत पिंपाला तूच खायला घालायचंस. शब्द दे!"

"दिला," हे पुटपुटले.

मौन मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी मी रात्रीपर्यंत मौन धरलं. घरात कुणी विशेष हळहळलं नाही! त्याच दिवशी सकाळी प्रार्थनेतून डोळे उघडते, तर हे सालांची ताटली घेऊन चोरपावलांनी गॅलरीकडे निघालेले. ताटलीच्या हातात एकावर एक दोन हातमोजे, आणि दुसरा हात पोटावर.