उलट्या उताराची भरपाई

सुकदेव बैसाणे आंघोळीला बसले की त्यांच्या पत्नीला, झुंबरबाईला, स्वयंपाकघरात खराटा घेऊन उभं राहावं लागे. मोरीचं पाणी मोरीच्या भोकाकडे जायला तयारच नव्हतं. ते उंबरठा ओलांडून आत येई, पिठाच्या डब्याला वळसा घाली आणि गॅसच्या सिलिंडरभोवती तळं करून बसे. धुळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात नवी मोरी आणि नवी फरशी होऊन तीन महिनेही झाले नव्हते. काम शिंदखेड्याच्या हिलाल मिस्त्रीचं. उतार काढण्यात त्याने कसूर केली नव्हती, फक्त तो उलट्या बाजूला काढला होता.

"हिलालभाऊ, हाई पानी घरमा येई राह्यनं," झुंबरबाईने त्याला बोलावून दाखवलं.

हिलालने उकिडवं बसून पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. "अक्का, फरशी नवी शे. पानीले अजून वाट सापडनी नही. सापडी, सापडी."

वाट सापडली होतीच, तक्रार तीच होती. पण हिलाल जो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

सुकदेव भांडखोर नव्हते, पण कागद तयार करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. सोबत एकोणीस जोडपत्रं लावली. फरशीवर ठेवलेलं लिंबू कोणत्या दिशेला घरंगळतं, याचा नकाशाही त्यात होता. चौदा महिने खराटा चालला आणि १९९३च्या दिवाळीनंतर निकाल लागला. हिलालने नऊ हजार रुपये नुकसानभरपाई द्यावी असा आदेश झाला, आणि त्याने ती कुरकुरत का होईना दिली. झुंबरबाईने त्याच संध्याकाळी दुसरा मिस्त्री ठरवला.

"उद्या फरशी तोडानी," तिने जाहीर केलं.

"थांब," सुकदेव म्हणाले. "यानावर कर लागस का, हाई पहिले देखनं पडी."

"कर? पानी मना पायखाले, आनि कर तुमले?"

सुकदेव हसले नाहीत. सत्तावीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीच्या हिशेब तपासणी शाखेत काढली होती. लोकांच्या बिलांवर लाल शाईने आक्षेप लिहिण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. आता निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि 'यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही' असा दाखला मिळाल्याशिवाय पेन्शनचा कागद हलणार नव्हता. अशा वेळी घरात आलेले नऊ हजार उत्पन्नात धरायचे की नाही, हे लेखी हातात असल्याशिवाय त्यांना घास गिळवेना. त्यांनी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि मिस्त्रीला परत पाठवलं.

गल्लीतले वकील छगनराव पाटील हसायलाच लागले. "अहो बैसाणे, घराची खोट भरून निघाली, त्यात कमाई कसली? आणि तुम्हाला विचारायला आलंय कोण? फरशी तोडा नि मोकळे व्हा."

"कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे मी आजवर कोणाचं ऐकून घेतलेलं नाही," सुकदेव म्हणाले.

त्यांनी प्राप्तिकर कचेरीला अर्ज लिहिला. नोकरीतल्या माणसाने अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या वरिष्ठांच्या हातून पाठवावा, असा नियम. तो सुकदेवांनी आयुष्यभर दुसऱ्यांना पाळायला लावला होता, आता स्वतः पाळला. नवे साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज पुढे पाठवला, पण त्याची एक प्रत ठेवून घेतली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'घराच्या कामाला कचेरीची पूर्वपरवानगी घेतली होती काय? टिप्पणी सादर करावी.'

मोरी बांधायला परवानगी कोण घेतं? सुकदेवांनीही घेतली नव्हती. हाच प्रश्न दुसऱ्याच्या प्रकरणात त्यांच्या ध्यानात आला असता, तर मात्र त्यांनी त्याला रडवलं असतं.

टिप्पणी लिहायचं काम लोटन अहिरेकडे आलं. पंचेचाळिशीचा हा माणूस नोकरीला लागला तेव्हापासून सुकदेवांच्या हाताखाली होता, आक्षेप काढायला त्यांच्याकडूनच शिकला होता. तो संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"जयभीम, आबा. हाऊ अर्ज तुम्ही कसाले दिधा?"

"नियमानं दिला."

"नियम माले बी माहीत शे. मांगे ल्या ना तो."

"लोटन, दिलेला अर्ज कोणी मागे घेतला, की मी काय समजतो?"

लोटनने मान खाली घातली. "काहीतरी दडवादडव शे, अशे समजतस तुम्ही."

"मग?"

लोटन गेला. इकडे घरी महिना उलटला, पाणी येत राहिलं. एका सकाळी सुकदेव टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर झुंबरबाई ओल्या फरशीवर पडलेली आणि खराटा दूर जाऊन पडलेला. उजव्या हाताचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आणताना रिक्षात ती तो हात डाव्या हातावर तोलून बसली. सुकदेवांना आपलीच लाज वाटली, पण लाजेने पैसे काढता येतील असा नियम त्यांना आठवेना.

त्याच आठवड्यात प्राप्तिकर कचेरीचं उत्तर आलं. सदर रक्कम घराच्या नुकसानीची भरपाई असून ती तुमचं उत्पन्न नाही, तिच्यावर कर नाही. चार ओळींचं पत्र! सुकदेवांनी ते तीनदा वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. वकिलाने फुकट सांगितलेलं आता शिक्क्यानिशी मिळालं होतं.

दुपारी फायलींचा गठ्ठा तपासायला आला. शाखेतली कोणतीही टिप्पणी सुकदेवांच्या नजरेखालून गेल्याशिवाय साहेबांकडे जात नसे, हा दंडक त्यांनीच घातला होता. तिसरी फाईल त्यांची स्वतःची निघाली. 'विनापरवानगी बांधकाम. चौकशी व्हावी. निर्णय होईपर्यंत भरपाईची रक्कम खर्च करू नये.' खाली लोटनची सही होती.

सुकदेवांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि ते ओळीमागून ओळ तपासू लागले. मांडणी चोख होती. कलम बरोबर होतं. घर क्रमांक मात्र चुकला होता. त्या क्रमांकावर त्यांच्या गल्लीत घर नव्हतंच, पिठाची गिरणी होती. इतकी ढोबळ चूक! त्यांना मनापासून राग आला. त्यांनी लाल शाईने क्रमांकाभोवती गोल काढला, खरा क्रमांक लिहिला, बाजूला 'अक्षम्य निष्काळजीपणा' असा शेरा मारला, सही केली आणि फाईल शिपायाकडे दिली.

साडेपाचला लोटन धावत आला.

"आबा, तो नंबर तुम्ही दुरुस्त कया?"

"मग काय तसाच जाऊ देऊ? चौकशीचा माणूस गिरणीत गेला असता!"

"तठेच जावाले पाहिजे व्हता," लोटन म्हणाला. "गिरणीमा जाता, मोरी सापडती नही, नि फाईल बंद व्हई जाती. तुमना दाखलाबी निंघता. मी तो नंबर तीनदा लिखा आबा, दोनदा बरोबरच लिखाई ग्या. चूक करानी सवय तुम्ही लावीच नही ना!"

फाईल तोवर साहेबांच्या सहीने पुढे गेली होती. साहेबांनी वर लिहिलं होतं, 'श्री. बैसाणे यांनी स्वतः पडताळणी केली आहे. चौकशी तात्काळ सुरू करावी.'

सुकदेव पायीच घरी आले. झुंबरबाई डाव्या हाताने फरशी पुसत होती. त्यांनी तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं. पेन्शन अडकली, पैसे अडकले, फरशी आता कधी तुटेल ते सांगता येत नाही. ती आदळआपट करील या अपेक्षेने ते उभे राहिले. तिने फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं.

"त्या लोटनभाऊले रविवारले जेवाले बलावा," ती म्हणाली. "आख्खी कचेरीमा तो एकच मानूस दिसस. सयपाक तुम्ही करा. मना हात मोडेल शे."