खुरपेवाडीतील परक्या झाडांची गुणवत्तायादी

संकट कितीही मोठे असले तरी माणूस ते सोसतो. फक्त ते कितव्या क्रमांकाचे आहे हे त्याला कळले पाहिजे. क्रमांक नसलेले संकट हे निव्वळ दुर्दैव असते. क्रमांक मिळाला की त्याचा कार्यक्रम होतो.

याच तत्त्वाला धरून वरून आदेश आला, की प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील परकीय आक्रमक वनस्पती शोधाव्यात, त्यांच्यापासून होणाऱ्या धोक्याला गुण द्यावेत, गुणानुक्रमे यादी लावावी आणि पहिल्या आलेल्या वनस्पतीचे समूळ उच्चाटन करावे. (दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्यांनी पुढच्या वर्षी जोमाने प्रयत्न करावेत, असे आदेशात लिहिलेले नव्हते, पण एकूण सूर तोच होता.)

आमची खुरपेवाडी सणसरच्या पुढे, कालव्याच्या कडेला आहे. आदेशाची आमच्याइतकी तातडीने अंमलबजावणी अन्य कोठे झाली नसावी. दुसऱ्याच दिवशी ‘परकीय आक्रमक वनस्पती जोखीम मूल्यांकन व क्रमवारी उपसमिती’ स्थापन झाली. (मूळ समिती कोणती, हे अद्याप सापडलेले नाही.) अध्यक्ष अर्थातच संभाजीराव. गावात समिती कसलीही असो, अध्यक्षपद उताराने पाणी जावे तसे त्यांच्याकडे जाते. महिला प्रतिनिधी बानूबाई. त्यांच्या घरचे लोक एके काळी मेंढरे घेऊन कोकणापर्यंत जात. आता घरी सहा शेळ्या आणि तीन एकर जमीन आहे. तांत्रिक सल्लागार म्हणून संभाजीरावांची पुतणी छकुली (वय सत्तावीस, एम.एस्सी. ॲग्री, नाव बदलायचे राहून गेले). आणि अक्षर बरे म्हणून सचिव मी.

बारामतीला आमचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. हॉल गार होता, जिलेबी गरम होती आणि प्रश्न फक्त पाच होते. वनस्पती बाहेरून आली आहे का? पाणी किती पिते? दुसऱ्याला उगवू देते का? एकदा बसली की उठते का? माणसाला तिचा त्रास काय? प्रत्येक प्रश्नाला दहा गुण. झाडाचा फोटो काढला की मोबाइलमधले ॲप त्याचे नाव आणि मूळ गाव सांगते. बाकीचे गुण आपण प्रामाणिकपणे भरायचे. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द प्रशिक्षकांनी तीनदा उच्चारला, त्यावरून त्यांना परिसराची चांगली माहिती असावी.

पहिल्याच बैठकीत संभाजीरावांनी वेडी बाभूळ पहिली काढावी असा प्रस्ताव मांडला. आदल्याच दिवशी तिचा काटा त्यांच्या बुलेटच्या टायरमध्ये घुसला होता, हा निव्वळ योगायोग.

बानूबाई ताडकन उठल्या. “संभाजीराव, टायर तुमचा फाटला आन फाशी झाडाला? माझी शेरडं हिच्या शेंगांवर जगत्यात. पाऊस न्हवता त्या साली तुमचं समदं शिवार चिपाडावाणी झालतं, तवा ह्याच वेड्या बाभळीखाली सभा घेतली हुती तुमी. इसरला व्हय?”

“पण ती परकी हाय, बानूबाई.”

“माझ्या सासूच्या आदीपासनं हितं हाय. मी लगीन हून मागनं आले. मग मला पण काढा की!”

या मुद्द्यावर छकुलीच्या ॲपमध्ये तरतूद नव्हती. वेडी बाभूळ वगळण्यात आली.

पुढचा पेच अधिक गंभीर होता. छकुली पंचायतीच्या मागच्या परसात फोटो काढत गेली आणि ॲप एकेकाचे मूळ गाव सांगत गेले. मिरची परदेशी. टोमॅटो परदेशी. मका, शेंगदाणा, पेरू, सीताफळ, सगळे समुद्रापलीकडचे. ठेच्यात मीठ आणि लसूण सोडले तर काही उरेना, आणि लसणाविषयीही ॲप दबक्या आवाजात काहीतरी सांगू लागले.  “म्हंजे आमी आजवर काय खाल्लं?” असे एक जण खरोखरच घाबरून म्हणाला. अखेर ठराव क्रमांक तीन एकमताने मंजूर झाला: ‘ज्या वनस्पतीची भाजी, चटणी अथवा ठेचा होतो ती देशी समजण्यात यावी.’ शास्त्राला व्यवहाराची अशी जोड क्वचितच मिळते.

तेव्हा उरले गाजरगवत. (त्याला गावात एका राजकीय पक्षाचे नाव आहे, ते घेतले असता निम्मे सभासद उठून जातात आणि उरलेले निम्मे टाळ्या वाजवतात, म्हणून इतिवृत्तात ‘गाजरगवत’ असेच लिहिले.) मूळ स्थान अमेरिका, आपल्याकडे प्रथम दिसले ते पुण्यात. “पुणं म्हंजे बाहेरच की,” असे म्हणून संभाजीरावांनी त्याला परकेपणाचे पैकीच्या पैकी दिले. पहिला क्रमांक निश्चित झाला असे समजून आम्ही चहा घेतला. छकुली तेवढी फोटोसाठी संभाजीरावांच्या बांधावर गेली, कारण गावातले सर्वांत टवटवीत गाजरगवत तिथेच होते.

फोटोत गाजरगवत पुढे होते. मागे संभाजीरावांचा ऊस होता.

ॲपने दोघांनाही ओळखले. ऊस, मूळ स्थान, न्यू गिनी नावाचे बेट. पुढचे चार प्रश्न त्याने रीतसर विचारले आणि छकुलीने, प्रशिक्षकांनी तीनदा सांगितले होते म्हणून, त्यांची प्रामाणिकपणे उत्तरे दिली. पाणी किती पितो? दहा. दुसऱ्याला उगवू देतो का? दहा. एकदा बसला की उठतो का? तोडला तरी खोडवा फुटतो, दहा. माणसाला त्रास? इथे मात्र तिने आठच दिले. चवीला गोड असल्याने दोन गुण कापले.

एकूण पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. गाजरगवत चौतीस गुणांवर राहिले. ॲपने यादी लावली, ती वर पाठवली आणि उत्तरही लगेच आले: ‘अभिनंदन! पहिल्या क्रमांकाच्या वनस्पतीच्या उच्चाटनाची सुरुवात फोटो काढलेल्या क्षेत्रापासून करण्यात येईल. पथक जेसीबीसह पोहोचेल.’

संभाजीरावांचा ऊस अडसाली (दीड वर्षाने तुटणारा) होता, पुरुषभर वाढलेला, तोडणी टोळीची वाट पाहत उभा. बातमी कळली तेव्हा ते बांधावर बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हे न्यू गिनी कुठल्या तालुक्यात येतं?”

“तात्या, ते देशाबाहेर हाय,” छकुली म्हणाली.

“पोरी, तुला खोटं बोलता येत न्हवतं का?”

“तिथं तसा रकाना न्हवता, तात्या.”

त्या दुपारी ते जेवले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “सचिव, आयुष्यभर ज्याच्या जिवावर निवडून आलो, तोच परका निघाला.”  अशा वेळी सचिवाने काय बोलावे, हे प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते.

पण संभाजीराव खचणाऱ्यातले नव्हते. आदेशाच्या शेवटच्या पानावर एक वाट होती: प्रत्यक्ष परिस्थितीत लक्षणीय बदल झाल्यास फेरमूल्यांकन करता येईल. उसाचे गुण कमी होणे शक्य नव्हते. मग गाजरगवताचे वाढवायचे! खुरपेवाडी कामाला लागली. गाजरगवताला शेणखत घातले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, युरिया दिला. खुरपणाऱ्या बायांना सांगण्यात आले की जे आजवर उपटले ते ठेवायचे आणि ठेवले ते उपटायचे. उलटे खुरपायला डोके लागते म्हणून त्यांनी जादा चहा मागितला. गाजरगवताचा वाढदिवस असता तर फ्लेक्सही लागला असता.

पीक जोमदार आले. मानवी उपद्रवाच्या रकान्यातही समाधानकारक प्रगती झाली. गावातील खाजवणाऱ्यांचे प्रमाण शेकडा चौसष्टवर गेले. उरलेले छत्तीस दुसऱ्याकडून खाजवून घेत होते. संभाजीराव स्वतः अंगभर खोबरेल लावून हिंडत आणि शिंका देत देत सगळ्यांना धीर देत. आणखी दहा-बारा गुणांचा प्रश्न होता.

तेवढ्यात भुंगे आले. मळकट पांढरे, पाठीवर तपकिरी रेघा, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. त्यांनी आठवड्यात गाजरगवताच्या काड्या केल्या. छकुली आनंदाने ओरडलीच, “तात्या, हा मेक्सिकन भुंगा! फक्त गाजरगवतच खातो! काय सुंदर उदाहरण हाय!”

“मेक्सिकन?” संभाजीराव खाली बसले. “म्हंजे मारणारा बी बाहेरचा, मरणारा बी बाहेरचा. मग आपण हितं कोण?”

 काका प्रथमच खरोखर म्हातारे दिसतात हे छकुलीच्या लक्षात आले असावे. ती ॲप बंद करून त्यांच्याशेजारी बसली.

पथक येण्याच्या आदल्या दिवशी बानूबाई शेळ्या हाकत बांधाशी आल्या. संभाजीरावांना त्यांनी जरा न्याहाळले आणि म्हणाल्या, “माझी वेडी बाभूळ घ्या पहिल्या नंबरला.”

“आँ? तिच्यापायी तर तुमी सभा डोक्यावर घेतली हुती.”

“हुती की. पर तुमी काढाल म्हून ती काय जाणार हाय व्हय? आमी चाळीस साल तोडतोय. तोडली की दुप्पट फुटती, आन कवळा पाला हाताला येतो. शेरडांना वरचा पाला पोचत न्हाय आता. न्हायतरी छाटायचीच हुती मला, माणसं मिळंनात. तुमचं जेसीबी येतंय तर येऊ द्या.”

संभाजीराव उठून उभे राहिले. “आन तुमाला काय पायजे, बानूबाई?”

“ऊस तुटला की शेंड्याचं हिरवं वाढं माझ्या शेरडांना. आन सभेत मला ‘तुमाला काय कळतंय’ म्हनायचं न्हाय.”

पहिली अट त्यांनी जागच्या जागी मान्य केली. दुसरीसाठी थोडा वेळ घेतला.

फेरमूल्यांकन तासाभरात झाले. ऊस ठराव क्रमांक तीनमध्ये बसवला: रसाचा गूळ होतो, गूळ चटणीत पडतो, म्हणून तो देशी. वेड्या बाभळीला एकोणपन्नास गुण मिळाले. (उरलेला एक गुण बानूबाईंनी भावनेपोटी देऊ दिला नाही.) दुसऱ्या दिवशी साहेब आले, जेसीबी आले, बाभळी आडव्या झाल्या. उच्चाटनापूर्वी, उच्चाटनावेळी आणि उच्चाटनानंतर असे फोटो निघाले. एका फोटोत मागे ऊस होता. तो छकुलीने कापला. त्या दिवशी तिला प्रथमच प्रशासन समजले, असे संभाजीराव अभिमानाने सांगतात.

पावसाळा सरता सरता खोडांतून हिरवे धुमारे उसळले आणि बानूबाईंच्या शेळ्या सुटल्या. साहेबांनी ते पाहिले आणि आमची शिफारस केली: प्रतिवर्षी तितक्याच जोमाने उच्चाटन करू शकणारे हे एकमेव गाव आहे. इंदापुरात आमचा सत्कार झाला. ऊस वेळेवर तुटला. संभाजीराव आता बानूबाईंना सभेत ‘तुमाला काय कळतंय’ असे म्हणत नाहीत. नुसतेच तसे बघतात.

या लौकिकामुळे गेल्या महिन्यात बारामतीतील एका नव्या, सुशिक्षित गृहसंकुलाने आम्हाला तज्ज्ञ म्हणून बोलावले. रहिवासी मोठे जागरूक होते. देशी झाडे जगली पाहिजेत यावर एका बाईंनी सुंदर भाषण केले आणि आमचे डोळे पाणावले. मग आम्ही बाग पाहिली. हिरवळ परदेशी, बोगनवेल परदेशी, क्रोटन परदेशी, गुलमोहर मादागास्करचा. सगळीकडे फिरून झाल्यावर गटाराच्या बाजूला, भिंतीच्या फटीत, आमच्याच माळावरचा तरवड पिवळाजर्द फुललेला दिसला, आणि त्याच्या पायाशी आघाडा. बानूबाई ओळखीचे माणूस भेटल्यासारख्या खाली वाकल्या.

तेवढ्यात माळी आला आणि त्याने दोन्ही उपटून पाटीत टाकले.

“रोज काढतो हो,” त्याच बाई दिलगिरीच्या सुरात म्हणाल्या, “पण हे कुठून बाहेरून येतं, देव जाणे.”

संकुलाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्याची गरजही नाही. उद्या सकाळी तुमचा माळी येईल, तेव्हा त्याच्या पाटीत डोकावून बघा म्हणजे झाले.