लाल फितीच्या दोन पुडक्यांची बखर

सकळगुणमंडित, चष्मेधारी, राजमान्य वाचकसाहेबांचे सेवेशी सेवकाची विनंती ऐसीजे. दफ्तरदारांचे कन्येने आज्ञा केली की, आमचे पिताजींनी समुद्रावर पासपोर्टांचे रक्षणार्थ जी मोहीम केली तिची साद्यंत हकीकत लिहून काढावी, जे घडले ते लिहावे, बापाची भीड धरू नये आणि आईची स्तुती आखडू नये. आज्ञा शिरसावंद्य मानून, चौघांच्या जबान्या घेऊन, जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत हे पाहून, तरी धीर न सोडता हे लिहिले असे. अधिक उणे असेल ते पदरात घ्यावे.

दफ्तरदार म्हणजे मोठे मातबर पुरुष. चौतीस वर्षे सरकारी कचेरीच्या दफ्तरखान्यावर त्यांचा अंमल होता, आणि त्या अमदानीत एकही कागद हरवला नाही. कागद मागावयास आलेला मनुष्य मात्र पुष्कळ वेळा हरवला. कागद आला की त्याचे पुडके बांधावे, पुडक्यास लाल फीत, फितीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर दोनच शेरे, एक 'चालू' आणि दुसरा 'रद्द', आणि मग चिठ्ठी सांगेल तिकडे पुडके जावे, आत काय आहे ते ब्रह्मदेवानेही उघडून पाहू नये, हा त्यांचा कायदा. निवृत्त जाहले तेव्हा कचेरीने शाल दिली. दफ्तरदारांनी शालीसही फीत बांधून 'चालू' म्हणोन ठेविली, ती अद्याप कोणी पांघरली नाही.

ऐसे असता कन्या व जावईबापू यांनी मसलत करून क्रूझची चार तिकिटे काढिली. सात दिवसांची सफर, अकरा मजल्यांचे जहाज. कन्येस समुद्र पाहावयाचा, जावईबापूंस न्याहारी पाहावयाची, दफ्तरदारांस तिकीट फुकट म्हणोन हरकत नव्हती. परंतु बाईसाहेबांचे, म्हणजे दफ्तरदारांचे कुटुंबाचे, चित्त निराळेच होते. त्यांची धाकटी बहीण परमुलखी एका बंदराचे शहरी इस्पितळात परिचारिकेची चाकरी करी. नऊ वर्षे सख्ख्या बहिणींची गाठ नाही. जहाज सहावे दिवशी त्याच बंदरी लागणार, सकाळी आठास शिडी उतरणार, आणि धाकटीस दुपारची पाळी असल्यामुळे तिने अकराच्या ठोक्याला धक्का सोडावयाचा. नऊ वर्षांच्या बदल्यात तीन तास ऐसा हा सौदा. बाईसाहेबांच्या लेखी बाकीची सफर म्हणजे त्या तीन तासांस लागलेले शेपूट होते.

पासपोर्टावाचून शिडी उतरणे नाही, हे जाणून दफ्तरदारांनी चौघांचे पासपोर्ट निघतेवेळीच आपल्या कबजात घेतले. जावईबापूंनी रदबदली केली की आमचा आमच्यापाशी असो द्यावा, आम्ही वर्षास चार वेळा विलायतेस जातो. त्यावर फर्मान निघाले की, मनुष्य जावई जाहला म्हणोन कागद त्याचा सासरा होत नाही. जावईबापू न्याहारीची चौकशी करू लागले.

आता चालू पासपोर्ट चार, तैसेच मुदत सरलेले, सरकारने कोपरे कापून परत दिलेले जुने पासपोर्टही चार. ते घरी ठेवावे तर दफ्तरदारांचे मन घेईना. रद्द कागद हाही कागदच, न जाणो कोणी विचारील, म्हणोन तेही संगे घेतले. दोन पुडकी जाहली. रंग एक, आकार एक, फीत एक, चिठ्ठ्या मात्र दोन. जहाजावर चढताना चालू पुडके दाखविले, शिपायाने पाहिले, सलाम केला, आणि दफ्तरदार आपल्या खोलीत दाखल जाहले.

येथे त्यांस ती बुद्धी सुचली. दार लावून त्यांनी विचार केला की, जहाजावर तीन हजार माणूस, त्यात चोर नाही ऐसे कोणी लिहून दिले आहे? चोर आला तर 'चालू' शेऱ्याचे पुडके उचलील आणि 'रद्द'कडे ढुंकून पाहणार नाही. सबब चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी. ऐसे म्हणोन खऱ्या पासपोर्टांवर 'रद्द' आणि जुन्यांवर 'चालू' ऐशी चिठ्ठी लाविली आणि आपल्याच अकलेवर बेहद्द खूष होऊन, कोणास न सांगता, अर्धा तास गालात हसत बसले. ही मसलत दुपारी एक वाजता जाहली.

चार वाजता जहाज हलले. बाईसाहेबांस समुद्राचा त्रास होऊन कपाळ ठणकू लागले, त्या डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन आडव्या जाहल्या. तो काय चमत्कार, दोन खोल्यांमधले जे कुलूपबंद दार, पलीकडे कन्या व जावईबापू, ते लाटेसरशी खटखट वाजू लागले. पाच खटके, मग विसावा, मग पुन्हा पाच. बाईसाहेब कुशीवर वळल्या. दफ्तरदार आपण होऊन उठले. दाराखाली फट दिसली, तीत काही ठोसावे म्हणोन शेजारच्या मेजावर चाचपले तो हाती पुडके आले. चिठ्ठीवर 'रद्द'. चौतीस वर्षांची सवय एकीकडे आणि तीन तासांची मसलत दुसरीकडे, सवय जिंकली. 'रद्द' ना, मग असो, ऐसे म्हणोन त्यांनी ते पुडके टाचेने फटीत ठोसले, वरून मोकळी बॅग उभी केली, दार मुके जाहले, आणि ते पुडके त्याच घटकेस त्यांच्या स्मरणातून गेले. मौल्यवान वस्तू कोठे ठेविली हे मनुष्य विसरत नाही, रद्दी कोठे टाकिली हे कोण ध्यानात ठेवितो?

येथून पुढे पाच दिवस जी झुंज जाहली तिचे वर्णन करिता लेखणी घामेजते. प्रथम 'चालू' पुडके भिंतीतल्या लोखंडी तिजोरीत ठेविले. तिजोरीस किल्ली नाही, चार आकडे दाबावयाचे. ती खरोखर बंद होते की नाही हे पाहावयास दफ्तरदारांनी ती इतक्या वेळा उघडली आणि मिटली की तिजोरीस संशय आला आणि तिने पुडके गिरफ्तार करून तोंड मिटले ते मिटलेच. जहाजाचा कारागीर आला, त्याने तिजोरी खोलून नम्रपणे विचारिले की आतला ऐवज बरोबर आहे का ते पाहून सही करावी. दफ्तरदारांनी पुडके छातीशी धरून उत्तर केले की दौलत परक्यापुढे उघडत नसतात. आणि न पाहताच सही केली! वाचकसाहेब, चौतीस वर्षांत त्यांनी न पाहता केलेली ही पहिली सही.

मग पुडके गादीखाली गेले. परंतु खोली आवरणारा मनुष्य रोज दहा वाजता गादीवर चाल करून येई, सबब पावणेदहास तेथून कूच करून पुडके न्हाणीघरात, टॉवेलांच्या उतरंडीत तळाशी. तो मनुष्य टॉवेलही बदलितो हे समजताच तेथूनही माघार. अखेरीस कमरेस पट्टा बांधून पुडके पोटावर घेतले आणि तेच कायम ठाणे केले. जेवणघरात एक हात पोटावर आणि एका हाताने जेवण, त्यामुळे शेजारच्या मेजावरील डॉक्टरीणबाईंनी सलग दोन दिवस विचारिले की आपणांस पोटशूळ आहे काय. पोहण्याच्या तलावाकाठी अवघे लोक उघडे, दफ्तरदार एकटे कोट घालून, बटणे गळ्यापर्यंत. कन्येने विनविले की बाबा, कोट तरी काढा. हुकूम जाहला की, सैन्य तळ सोडणार नाही.

सहावा दिवस उगवला. बंदर दिसले. बाईसाहेब पाचापासून केस विंचरून बसलेल्या. आठास शिडी उतरली आणि कठड्यावरून त्यांनी पाहिले, तो खाली धक्क्यावर पिवळी छत्री उघडून धाकटी उभी. ऊन नव्हते, पाऊस नव्हता, ताईस ओळखू यावी म्हणोन छत्री. बाईसाहेबांनी हात हलविला, छत्री हलली.

रांग लांब. नवास दहा कमी असता नंबर लागला. दफ्तरदारांनी कोटाची बटणे एकामागून एक सोडिली, पट्टा सोडिला, पाच दिवसांत प्रथमच फीत सोडिली, आणि चार पासपोर्ट शिडीवरील अंमलदारीणबाईपुढे ऐसे ठेविले की जणू तहात किल्ले देत आहेत. बाईने एक उघडला, दुसरा उघडला, मग कापलेला कोपरा बोटाने दाखवून गोड हसली आणि सांगितले की हे चालणार नाहीत, बाजूला उभे राहावे.

दफ्तरदारांचा चेहरा कागदासारखा जाहला. चिठ्ठ्यांची मसलत आता आठवली. परंतु 'रद्द'चे पुडके कोठे, ते आठवेना.

मग चौघे धावत खोलीत आले आणि जी शोधाशोध जाहली तिजपुढे लुटीचा प्रसंग बरा. गाद्या उलथल्या, खण उपसले, जावईबापूंनी तिजोरीत मुंडके घातले, कन्येने चारी बॅगा उपड्या केल्या. दाराशी उभी होती ती मोकळी बॅगही जागच्या जागी उघडून, चाचपून, पुन्हा उभी केली. पुडके नाही. रद्दी म्हणोन झाडणाऱ्याने नेले असेल, जहाजाच्या भट्टीत गेले असेल, ऐसे एकेक बोलू लागले. साडेनऊ वाजले. पावणेदहा वाजले. जावईबापूंच्या ओठांवर काही आले होते, ते कन्येने डोळ्यांनीच परत पाठविले.

दफ्तरदार पलंगाच्या कडेस बसले, कोट उघडा, पट्टा लोंबता. हळूच म्हणाले, "माझ्यामुळे गेली गं तुझी भेट."

हे ऐकून बाईसाहेबांस राग येऊ नये ऐसे नव्हते. आला होता, पुष्कळ आला होता, आणि त्या रडतही होत्या. परंतु ज्या बाईने चौतीस वर्षे या गृहस्थांचे चष्मे शोधिले तिची रीत पक्की होती. डोळे पुसून त्या समोर बसल्या.

"शेवटचं कधी हातात घेतलं होतंत ते?"

"आठवत नाही."

"पहिल्या दिवशी? दुपारी?"

"दुपारी तू झोपली होतीस. डोकं दुखत होतं तुझं."

 बाईसाहेब म्हणाल्या, "झोपले नव्हते. ते दार वाजत होतं. मी काही म्हटलं नाही, तुम्हीच उठलात. मला इतकं बरं वाटलं होतं, पाच दिवस मनात घोळवतेय, की न सांगता उठला हा माणूस." आणि थांबून, "अहो, कशानं थांबवलंत ते दार?"

 मग चौघांनी एकदम दाराकडे पाहिले. जावईबापूंनी बॅग दूर भिरकाविली, दफ्तरदार गुडघ्यांवर पडले, आणि फटीतून, फीत मळलेली, चिठ्ठी चुरगळलेली, चारही कोपरे शाबूत, ऐसे पुडके ओढून काढिले. पाच दिवस साऱ्या जहाजाच्या लाटा त्याने पाठीवर घेतल्या होत्या. तीन हजार माणसांत त्यास कोणी हात लाविला नव्हता. चोर फसावा म्हणोन केलेली मसलत सोळा आणे फळास आली होती, फक्त जो फसला तो चोर नव्हता.

दहा वाजून दहा मिनिटांनी बाईसाहेब शिडी उतरल्या. मागून दफ्तरदार येणार होते, परंतु ते शिडीच्या वरच थांबले. बाई अंमलदारीण म्हणाली की आपणही जावे, त्यांनी नकारार्थी मान हलविली. धक्क्यावर पिवळी छत्री जमिनीवर पडली आणि वाऱ्याने गडगडत चालली, ती धरावयास कोणी गेले नाही. दोन बहिणी पन्नास मिनिटे एका लोखंडी बाकावर बसल्या. काय बोलल्या हे सेवकास ठाऊक नाही, कारण दोघीही एकदमच बोलत होत्या. अकरास पाच कमी असता धाकटीने वर पाहून दफ्तरदारांस हात जोडिले. त्यांनी हात जोडावयास हात वर केले, तो कमरेचा लोंबता पट्टा गळून खाली पडला, आणि कित्येक दिवसांत प्रथमच ते मोकळ्या हातांनी उभे राहिले.

तिसरे प्रहरी जहाज हलले, आणि ते दार पुन्हा वाजू लागले. दफ्तरदार उठले. कोपरे कापलेले चार पासपोर्ट त्यांनी नीट बांधिले, चिठ्ठीवरचा 'चालू' खोडून, आत काय आहे ते दोनदा उघडून पाहून, स्वच्छ अक्षरात 'रद्द' लिहिले आणि ते पुडके फटीत ठोसिले. दार मुके जाहले. खरे पुडके त्यांनी बाईसाहेबांचे हाती दिले. बाईसाहेबांनी ते पर्सेत टाकिले, कंगवा आणि गोळ्यांच्या मधोमध, फितीवाचून.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पासपोर्ट चार, चारही सलामत. गमावले ते दोन तास दहा मिनिटे, कमावली ती पन्नास मिनिटे. खजिना उभयतांच्या संमतीने बाईसाहेबांच्या पर्सेकडे कायमचा वर्ग जाहला. दफ्तरदारांकडे दाराचा बंदोबस्त राहिला, तो त्यांनी शेवटच्या बंदरापर्यंत इमानाने सांभाळिला. आणि घरी पोचल्यावर त्यांनी कपाटातून ती शाल काढून, फीत सोडून, धाकटीस टपालाने पाठवून दिली, याची नोंद कन्येने मुद्दाम करावयास सांगितली, सबब केली असे.