आठाची उजवी रेघ

कंपनीतून रिटायर झालेल्या गुणाजीला घरात दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा त्याची नजर पापडांच्या काट्यावर गेली. पेणच्या बाजारातून पाच वर्षांपूर्वी आणलेला हा स्वस्तातला डिजिटल काटा पहिल्या दिवसापासून मधला अंक मोडका दाखवायचा.

"चालतंय ना? मग चालू द्या की," त्याची बायको मैना म्हणाली.

"लोक बघतात. बरं दिसत नाय."

त्याने काटा पिशवीत घातला आणि रोह्याला, कंपनीच्या दिवसांतल्या ओळखीच्या लतीफकडे नेला. लतीफने आतली रबराची पट्टी पुसून दिली. "मधल्या अंकाची वरची उजवी रेघ मेली होती. झाली जिवंत."

घरात पोह्याचे पापड व्हायचे. मैना लाटायची, पण पिठात पापडखार घालायचा मान सासूचा, सीताबाईचा. एका घाण्याला एक ओंजळ. काटा नवा आणला तेव्हा मैनाने ती ओंजळ मोजून ठेवली होती: एकशेसाठ ग्रॅम. तेव्हापासून दर वेळी ओंजळ काट्यावर जायची, एकशेसाठ यायचं आणि सीताबाई सुनेकडे बघायची. पापड म्हातारीच्या हातानं फुलतो, असं गिऱ्हाइकंही म्हणायची.

दुरुस्त काट्यावर आकडा आला एकशेऐंशी. अगदी लख्ख.

"हात जड झाला गो माजा," सीताबाई म्हणाली आणि एकशेसाठ होईतो खार परत डब्यात टाकला.

पंधरवड्याने ताजुन्निसा आली. ती दुबईतल्या मुलासाठी पापड न्यायची. "सीतामावशी, तमीम बोलला, अम्मी, हे तळले तरी झोपूनच राहतात."

दुसरा घाणाही झोपला. सीताबाईने खाराचा डबा मैनापुढे सरकवला. "तूच घाल आता. माजा हात गेला." त्यानंतर ती आमटीत मीठसुद्धा घालेना. मैना पापड लाटत असताना ओट्याकडे पाठ करून बसायची.

गुणाजी काटा मांडीवर घेऊन बसला. खाराचा डबा त्यावर ठेवून कमीजास्त करत त्याने एकशेऐंशी आणलं, आणि लतीफची रेघ आठवून त्या इंग्रजी आठाच्या उजव्या खांद्यावर बोटाचं टोक ठेवलं. आठाचा सहा झाला.

तो तसाच आईसमोर गेला. "आये, तुझी ओंजळ पहिल्यापासून एकशेऐंशीच व्हती. मोडका काटा ऐंशीचे साठ दाखवायचा. मी नीट केला आणि तू उगाच खार काढत बसलीस. चूक माझी."

"ऱ्हाऊ दे रे," सीताबाई म्हणाली. "पाच वर्षं यंत्र खोटं बोललं आणि म्हातारी खरी? समजूत काढतोस माजी."

गुणाजीने लतीफला फोन लावला. "काटा पहिल्यासारखा बिघडवून दे."

"तो बिघाड कंपनीचा होता, गुणाजीभाऊ. तेवढा सुबक मला नाय जमायचा. काळी चिकटपट्टी लाव."

पट्टी त्याने मैनाच्या नखं कापायच्या कात्रीने कापली. मोठी झाली, परत कापली. चौथ्या खेपेला तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक तुकडा त्या रेघेवर बसला.

"आये, काटा परत बिघडला," तो म्हणाला. आईकडे बघायचं मात्र त्याला जमलं नाही. "एकदा बघतेस?"

सीताबाई उठली. ओंजळ भरून तिने काट्यावरच्या ताटलीत सोडली. एकशेसाठ. ती डोळे बारीक करून वाकली, बराच वेळ वाकून राहिली. पट्टीचं एक टोक सुटत होतं. तिने ते नखाने दाबून नीट बसवलं.

"आता बरोबर दाखवतो," ती म्हणाली आणि खार पिठात ओतला.