उंटाच्या उंचीची खिडकी

एका जंगलात सगळं होतं, पोरांनो, फक्त धंदा नव्हता. म्हणजे पंचायतीचं म्हणणं तसं. अस्वल मध विकायचं, सुगरणी खोपे विणून द्यायच्या, आणि पाणवठ्याच्या वाटेवर गोदाक्का साळिंदर चुलीत करांदे, म्हणजे रानातले कंद, भाजून विकायची. पण ही सगळी घरचीच मंडळी. घरच्यांच्या धंद्याला कोण धंदा म्हणतं?

सरपंच होता रंगराव गवा. त्यानं सभेत जाहीर केलं, की आता बाहेरचा मोठा उद्योगपती आणायचा. मोठा म्हणजे केवढा, यावर दुपारपर्यंत भांडणं झाली. शेवटी ठरलं, उंटाएवढा. त्याला सगळे परवाने एकाच जागी मिळावेत म्हणून पंचायतीच्या भिंतीला खिडकी पाडायची. पाहुण्याला मान वाकवायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून खिडकी थेट उंटाच्या तोंडाशी येईल इतकी उंच पाडली.

नारळ फुटला. माकडांनी टाळ्या वाजवल्या. आणि नियम निघाला, की यापुढं जो काही विकेल त्यानं या खिडकीतून परवाना घ्यायचा. उडत किंवा भिंतीवर चढून आलेला अर्ज चालणार नाही.

दुसऱ्याच दिवशी ग्रामसेवक मुंगसानं गोदाक्काच्या चुलीवर पाणी ओतलं. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. तिच्या घरी दोन पिल्लं, आणि चूल गार. गोदाक्का अर्ज घेऊन निघाली.

खिडकीखाली उभी राहून तिनं वर बघितलं. दगडावर दगड रचून चढली, तरी हात पोचेना. सशाच्या पाठीवर चढावं म्हटलं, तर काटे बघून ससाच पळाला. मग तिनं हाक मारली.

"अर्ज खिडकीतून द्या," आतून भाऊसाहेब म्हणाले.

"हात पोचत नाही."

"माझा तरी कुठं पोचतोय?"

मुंगूसच ते. आत जमिनीवर शिक्का घेऊन बसलेलं.

"मग दारातून घ्या की. दार सताड उघडं आहे."

"दारातून घेतलं तर खिडकीचा उपयोग काय, अक्का?"

गोदाक्काचे काटे उभे राहिले. ती तडक सरपंचाकडं गेली आणि तोंडावर म्हणाली, की एक तर खिडकी खाली घ्या, नाहीतर माझी चूल पेटू द्या. रंगरावानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि समजावलं, की तुमच्यासाठी खिडकी खाली घेतली आणि उद्या उंट आला, तर तो आपल्याला काय म्हणेल?

आणि उंट आला. खरं तर वाट चुकून आला होता, पण पंचायतीनं त्याला बोलूच दिलं नाही. हार घातला, भाषणं केली. भाषणं संपल्यावर उंटानं विचारलं, खायला काही मिळेल का? जंगलात एकही चूल पेटलेली नव्हती.

गोदाक्का पुढं झाली. म्हणाली, "करांदे देते. आधी हा अर्ज त्या खिडकीतून आत न्या, आणि शिक्का मारून बाहेर आणा."

उंटानं अर्ज तोंडात धरला, मान आत घातली, खाली सोडली. भाऊसाहेबांनी शिक्का मारला. मान बाहेर आली. चूल पेटली.

करांदे खाता खाता उंटानं बघितलं, तर अस्वल अर्ज घेऊन उभं, सुगरणी उभ्या, मागं अख्खं जंगल उभं. उंटानं तिथंच बैठक मारली. अस्वलाकडून मधाचं पोळं, सुगरणीकडून खोपा, असं घेऊन तो एकेकाचं काम करायला लागला. परवानाही आठवड्यापुरताच मिळायचा. दुसऱ्या आठवड्यात गोदाक्काकडं त्यानं अर्धी टोपली मागितली.

"मान तर देवानं फुकट दिली ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"मान फुकटच आहे, अक्का. आत घालायचं तेवढं द्यावं लागतं."

पंचायतीनं जाहीर केलं, की जंगलात बाहेरचा उद्योग आला. उंटाला शाल मिळाली. जेवणाला करांदे गोदाक्काचेच, फुकट. तिनं भर सभेत उभं राहून विचारलं, "आता तरी खिडकी खाली घेणार का?"

रंगराव पहिल्यांदाच तिच्यावर चिडला.

"आलेला एकुलता एक उद्योग बुडवायचाय का तुम्हाला?"

टाळ्या पडल्या. गोदाक्कानं वाजवल्या नाहीत. तिनं रिकामी टोपली उचलली, घरी गेली, आणि सकाळी करांद्याचा भाव दुप्पट केला.

तात्पर्य: मुलांनो, खिडकी उंच असली तर ती खाली घ्या असं म्हणू नका, त्यानं विकास थांबतो. मान लांब करा. होत नसेल, तर लांब मानेच्या घरात सोयरीक जुळवा.